रिकाम्या सीटचं माप

"श्वास सोड," मी म्हटलं. "आता घे. अजून घे. फुगव की जरा छाती, भाकरी फुगल्यासारखी."

सिद्रामनं छाती फुगवली. मी टेप आवळला.

"अक्का, लग्नाचा कोट शिवायलीस काय मला?"

"गप बस. सीटला तोंड नसतं."

यावर केतकी मॅडम खळखळून हसल्या. "अगदी बरोबर, महानंदाताई! हेच ह्यांना सारखं सांगायचंय."

तेव्हा मीही हसले होते. काम नवीन होतं आणि नवीन कामाचा मला पहिल्यापासून हावरटपणा. सोलापुरात विजापूर रोडला माझं 'भाग्यवंती सीट कव्हर' नावाचं दुकान. नवरा मशीन ठेवून गेला आणि शिकवायचं राहून गेलं, म्हणून लोकांची जुनी कव्हरं उसवून उसवून मी शिवण शिकले. रिक्षाचे हूड झाले, जीपच्या गाद्या झाल्या, एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीला मखमलसुद्धा चढवली. पण आजवर मी सीटला कपडे घातले होते. माणसाच्या अंगावर सीट कधी शिवली नव्हती.

काम असं होतं. पुढंमागं विनाड्रायव्हरच्या गाड्या येणार. त्या आल्यावर लोक काय करतील, घाबरतील की बसतील, हे एका कंपनीला आधीच बघायचं होतं. तशी गाडी अजून त्यांच्याकडं तयार नव्हती. म्हणून साध्या गाडीतली ड्रायव्हरची सीट काढायची, तिथं बुटकं लोखंडी आसन ठोकायचं, त्यावर ड्रायव्हर बसवायचा आणि त्याच्या अंगावरून सीटचं कव्हर चढवायचं. डोक्यावर हेडरेस्ट, तोंडापुढं स्पीकरला लावतात ती काळी जाळी, हातात काळे मोजे, आणि स्टिअरिंग खालून धरायचं. बाहेरून बघणाऱ्याला सीट रिकामी. टपावर नुसत्या दिखाव्याला गरगर फिरणारा एक डबा बसवला होता. त्यात टेबलफॅनची मोटार होती.

"पण मॅडम, लोकांना सरळ विचारायचं की," मी म्हटलं.

"विचारलं की सगळे चांगलंच सांगतात, ताई. 'हो हो, आम्ही तयार आहोत.' माणूस खरा कसा आहे हे समोर कोणी नसलं की कळतं. सीट रिकामी दिसली पाहिजे."

केतकी मॅडम त्या कंपनीच्याच, पुण्याच्या, शिकलेल्या, बोलायला गोड. आणि सांगते, त्यांचं हे वाक्य खोटं नव्हतं. इतकं खरं वाक्य मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

भांडण झालं ते फक्त चेनवरून. मॅडमना चेन पाठीमागं हवी होती, बाहेरून लावायची. पुढच्या बाजूला एकही जोड दिसता कामा नये.

"म्हणजे त्याला आपल्या आपण बाहेर येता येणार नाही?"

"आम्ही मागच्या गाडीत असणारच आहोत ना."

"आणि आग लागली तर?"

"ताई, किती निगेटिव्ह विचार करता!"

मी टेप गुंडाळला. पण माझी एक रीत आहे. नवं कव्हर मी आधी धावदोऱ्यानं जोडते, कच्च्या टाक्यानं. गिऱ्हाईक बसून बघतं, गाडी फिरवून आणतं, बरोबर आहे म्हणतं, मगच पक्की शिवण मारते. सिद्रामच्या कव्हरची पुढची बाजू मी कच्च्या टाक्यावरच ठेवली. काळ्या रेक्झिनवर काळा दोरा, कुणाच्या बापाला दिसला नसता. दोऱ्याचं शेपूट आत घेतलं, त्याच्या डाव्या हाताशी. मॅडम फोनवर बोलत बाहेर गेल्या तेव्हा त्याला दाखवलं.

"हे ओढलंस की गळ्यापासून कमरेपर्यंत उसवतंय. एका झटक्यात."

"आणि नोकरी?"

"ती पण उसवती."

त्यानं शेपटाला हात लावला नाही. इंगळीकडं बघावं तसा तिकडं बघत राहिला.

नोकरीचं असं होतं की चाचणी संपेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही, तर कंपनी त्याला पुण्यात कायम ड्रायव्हर म्हणून घेणार होती. विनाड्रायव्हरच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत ड्रायव्हरची कायम नोकरी! मला हसू आलं. सिद्रामला आलं नाही. त्याला सोलापुरात कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नव्हतं.

सिद्राम बिराजदार आमच्याच गल्लीतला. अंगानं काटकुळा, म्हणून तर मॅडमनी त्याला निवडला. आधी तो गावाबाहेरच्या एका इंग्लिश शाळेची व्हॅन चालवायचा. एकदा चिंचेच्या वळणावर व्हॅन झाडावर गेली. बाकीची पोरं वाचली, पण कलशेट्टींच्या सानवीचं कोपर मोडलं आणि हात कायमचा वाकडा राहिला. ब्रेक लागला नाही, असं सिद्राम सांगत राहिला. शाळेचे चेअरमन तडवळकर सर आईबापांच्या बैठकीत म्हणाले, तो प्यायला होता, माझ्या नाकाला वास आला. पोलिसांत कोणी गेलं नाही. सर म्हणाले, कशाला शाळेची आणि पोरांची शोभा, मी त्याला आजच काढतो. काढला. गळ्यात लिंग बांधलेला माणूस, शिवरात्रीला कुणी थंडाई दिली तरी आधी हुंगून बघणारा. पण गावानं एकदा वास घेतला की घेतला.

चाचणी उन्हाळ्यात सुरू झाली. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे चूल बंद करायची सोयच नाही. मागच्या गाडीत मॅडम, त्यांचे कॅमेऱ्यातलं दिसायचे पडदे आणि कानाला लावायची यंत्रं. मी पण तिथंच, कारण कव्हर कुठं फाटलं तर शिवायला आणि चेन लावायला-काढायला कोणीतरी लागायचं. त्यामुळं मी सगळं बघितलं. पुढच्या गाडीच्या आत, बाहेर, चहूबाजूंना कॅमेरे होते.

सुरुवातीला लोक भ्यायले. सात रस्त्याच्या चौकात ट्रॅफिक पोलीस शिट्टी तोंडातच धरून बाजूला सरकला. एका रिक्षावाल्यानं रिक्षा सोडून पळ काढला. कुणीतरी पुढं लिंबू-मिरची बांधली. एक बाई आली, बॉनेटला हळद-कुंकू लावलं, पदर धरून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई गं, माझ्या पोरांना सांभाळ." मॅडमना ते फार आवडलं.

मग भीती गेली. आणि भीती गेल्यावर त्या जागी जे आलं, ते आठवलं की अजून मला जेवण जात नाही.

एकानं ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर गुटख्याची पिंक टाकली. रागानं नाही हो, सहज. वायपर आपोआप चालू होतो का बघायला. तो थुंकला म्हणून दुसरा थुंकला. काच लाल झाली आणि ओघळ उतरायला लागले. एक चांगला इस्त्रीच्या शर्टातला माणूस पुढच्या चाकाशी उभा राहिला, पँटची चेन काढली आणि दिवसाउजेडी, भर बाजारात चाकावर मुतला. "बघू बे, कळतंय का तिला." मित्र मोबाईलवर शूटिंग करत होते. वायर घ्यायला काच बोटभर उघडी होती, त्या फटीतून कुणीतरी पेटती बिडी आत सरकवली. ती सिद्रामच्या मांडीवर पडली.

तो हलला नाही. पडद्यावर मला रेक्झिन आकसताना दिसलं, मग धूर.

"मॅडम, थांबवा!"

"एक मिनिट ताई. हे फार महत्त्वाचं आहे." त्या पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. "काय कंट्रोल आहे ह्या माणसाचा!"

संध्याकाळी मी पाठीमागची चेन काढली तेव्हा आतून वाफ आली. नुसता घाम नव्हे. दिवसभर पाणी प्यायचं नाही, कारण उतरायची सोय नाही; आणि तरी उतरायची वेळ आलीच तर उतरायचं नाही. फोम, रेक्झिन आणि माणूस एकत्र शिजल्याचा तो वास. टॅक्सीतल्या लोकांच्या ओकाऱ्या मी हातानं धुतल्यात, पण त्या दिवशी गाडीमागं जाऊन मला ओकारी झाली.

"माफ कर अक्का," सिद्राम म्हणाला. मान खाली. "लय घाण झालंय."

"तुझा वास नाही रे आला मला," मी तोंड पुसत म्हटलं.

त्याला ते खरं वाटलं नाही. मांडीवर टरारून फोड आला होता. मी त्याला खोबरेल लावलं आणि कव्हरला ठिगळ. घरी जाऊन माझ्या जुन्या लुगड्याचं सुती अस्तर बेतलं, त्यात ओल्या वाळ्याच्या पुरचुंड्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अक्का, आत माठात बसल्यागत वाटायलंय." एवढ्यावर तो खूश.

मग लोकांना मागच्या सीटवर बसवून फेऱ्या सुरू झाल्या. मला वाटलं, बसायला कोण येणार? रांग लागली! आणि बसल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. "बरं झालं बाई, ह्या ड्रायव्हर लोकांची पीडा गेली." "त्यांची ती मिजास, तो तंबाखूचा वास." "निदान कोणी आरशातून बघत तरी नाही." आरशातून कोणी बघत नाही म्हटल्यावर माणसं किती मोकळी होतात! एकानं पाय वर घेऊन सीटच्या पाठीला टेकवले, म्हणजे सिद्रामच्या पाठीला. एकानं सशब्द वारा सोडला आणि एकटाच हसत बसला. एक बाई फोनवर सुनेला अशा शिव्या देत होती की गटारीनं कान झाकावेत. मॅडम सगळं टिपून घेत होत्या. 'प्रवासी निवांत.' 'प्रवासी अतिशय निवांत.'

शेवटच्या दिवसासाठी मॅडमनी गावातले प्रतिष्ठित लोक बोलावले होते. आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "उद्या तडवळकर सर आणि त्यांच्या मिसेस. इथून त्यांच्या शाळेपर्यंत. मग संपलं आपलं."

मी सिद्रामकडं बघितलं. त्याच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला.

मॅडम गेल्यावर मी म्हटलं, "नको जाऊस. अंगात ताप भरलाय म्हण."

"येऊ दे की अक्का." तो म्हणाला. "अशी चालवतो बघ, सरांच्या पोटातलं पाणी हलणार न्हाई. उतरताना म्हणतील, काय गाडी चालवलीय!"

"म्हणतील. पण गाडीला म्हणतील."

"म्हणू दे. मला ऐकू येतंय की."

मी सकाळी अस्तर बदललं, ताजा वाळा घातला, चेन लावली.

सर पांढऱ्या सफारीत आले होते. सोबत वहिनी, हातात पर्स आणि रुमाल. आत बसल्या बसल्या वहिनींनी नाक वर केलं. "अहो, किती छान वास येतोय! वाळ्याचं अत्तर दिसतंय." सर म्हणाले, "कंपनी मोठी आहे. बारीकसारीक बघतात."

आणि सिद्रामनं गाडी काढली. मी आयुष्यभर गाड्यांमध्ये वावरले आहे, पण तशी गाडी चालताना बघितली नाही. खड्डा यायच्या आधीच ती मऊ व्हायची. म्हैस आडवी आली, तर थांबली आणि म्हशीला कळायच्या आत निघाली. सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात चालवणं! माणसाला जमायचं नाही हे." मागच्या गाडीत आम्हाला जाळीआडचं काही दिसत नव्हतं. पण मला वाटलं, तो आत हसतोय.

गाव संपलं. सर ऐसपैस बसले. बोट कानात घातलं, फिरवलं, काढून बघितलं आणि पुढच्या सीटच्या पाठीला पुसलं. दोनदा पुसलं. मी ते रेक्झिन किती पातळ आहे ते जाणत होते. आतल्या माणसाला बोट कळलं असणार.

चिंचेचं वळण दिसायला लागलं.

"इथंच झालं होतं बघ ते. आपल्या व्हॅनचं," सर म्हणाले.

"त्या दारुड्या ड्रायव्हरचं ना?"

"कसला दारुडा!" सर हसले. "चहाच्या पुढं गेला नसेल तो जन्मात. ब्रेक धरत नाही, ब्रेक धरत नाही म्हणून महिनाभर माझ्या मागं लागला होता. मी म्हटलं, सुट्टीत बघू. तर हे सुट्टीच्या आधीच."

"अगंबाई! आणि तुम्ही तर सगळ्यांसमोर..."

"मग काय सांगायचं होतं? शाळा बंद करायची? तुला सांगतो, दारू म्हटलं की माणूस पुढं विचारत नाही. वास आला म्हटलं, विषय संपला."

"अहो, हळू बोला."

"कोण ऐकतंय इथं? सीट?" आणि सरांनी पुढं वाकून हेडरेस्टवर थापट्या मारल्या, बाजारात बैलाला मारतात तशा. "काय सीटबाई, ऐकलंस का गं?"

गाडी थांबली. झटका न देता, वळणाच्या अलीकडं, सावलीत.

"बघितलंस!" सर वहिनींना म्हणाले. "वळण आलं म्हणून आपोआप थांबली. काय अक्कल आहे!"

मॅडमनी माईक ओढला. सिद्रामच्या कानात एक छोटं यंत्र होतं, त्यात त्यांचा आवाज जायचा. "सिद्राम, काय झालं? रस्ता मोकळा आहे. चला."

गाडी हलली नाही.

"सिद्राम, हा शेवटचा फेरा आहे. तुमचं पुण्याचं काम पक्कं झालंय. दहा मिनिटांचा प्रश्न आहे फक्त. प्लीज."

पडद्यावर काळा मोजा स्टिअरिंगवरून खाली आला. मांडीवरच्या ठिगळावर जरा थांबला. मग कव्हरच्या आत, डाव्या बाजूला काहीतरी चाचपायला लागला. रेक्झिन उंदीर शिरल्यासारखं हलत होतं. चाचपतोय, चाचपतोय आणि मिळत नाही. माझ्या डोक्यात लख्ख झालं. सकाळी अस्तर बदलताना दोऱ्याचं शेपूट आत सरकलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तो काय शोधतोय?"

मी त्यांच्या हातातून माईक घेतला. मी कुणाच्या हातातून काही हिसकावणारी बाई नाही, पण घेतला.

"सिद्राम, अस्तराच्या खाली. वाळ्याच्या पुरचुंडीमागं. सापडलं का?"

रेक्झिन पुन्हा हललं. मग मोजा थांबला.

कच्चा दोरा निघताना एक आवाज येतो, सर्रर्र असा. हलकाच असतो, पण त्या बंद गाडीत तो सगळ्यांना ऐकू गेला. वहिनी म्हणाल्या, "अहो, काय फाटलं?" आणि पुढची सीट गळ्यापासून कमरेपर्यंत उघडली. सिद्रामनं डोक्यावरचं हेडरेस्ट टोपीसारखं काढून बाजूला ठेवलं. भिजलेला बनियन, दाढीत फोमचे तुकडे, केसांत वाळ्याची काडी. तो मागं वळला.

वहिनींची किंकाळी माईकशिवायसुद्धा ऐकू आली असती. सर ओरडले नाहीत. त्यांचा जबडा नुसता हलत राहिला आणि पांढऱ्या सफारीवर पुढून एक ओला डाग पसरत गेला.

मला वाटलं, आता हा मारणार. मारायलाच हवं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. माझे स्वतःचे हात शिवशिवत होते.

"सर," सिद्राम म्हणाला. "पुढं वळण हाय. धरून बसा. सावकाश घेतो."

त्यानं वळण घेतलं. चिंचेवरून पानसुद्धा पडलं नसेल, इतकं सावकाश. शाळेच्या गेटाशी गाडी लावली, उतरला, मागचं दार उघडून धरलं. अंगाला अर्धी सीट लोंबत होती. "उतरा सर. वहिनी, पायरी बघून." दोघं उतरून गेली. मागं वळून कोणी बघितलं नाही.

आम्ही पोचेपर्यंत तो चेनीतून पाय सोडवून घेत होता. त्यानं किल्ली मॅडमच्या हातात ठेवली.

"मागच्या उजव्या टायरात हवा कमी हाय. बघून घ्या."

"तुम्ही काय केलंत हे सिद्राम? एवढी मेहनत..."

"मॅडम, मला नोकरी नको. सरांचं बोलणं तुमच्या यंत्रात हाय न्हवं? ते फक्त एकदा सानवीच्या आईला ऐकवा. मी प्यायलो नव्हतो, एवढंच. बाकी काय नको."

मॅडमचा चेहरा पडला. खोटं कशाला बोलू, त्यांना वाईट वाटलं होतं. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. "नाही देता येणार. बसणाऱ्या लोकांना आम्ही लिहून दिलंय. त्यांची गोपनीयता असते. त्यांना न विचारता त्यांचं बोलणं बाहेर काढणं नैतिक नाही, सिद्राम."

माणसाला सीटमध्ये शिवून बसवणं नैतिक होतं. असो.

जाताना मॅडम म्हणाल्या, "ताई, मागची सीट तेवढी धुऊन द्याल?" मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत सीटला नाही म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पावसाळ्यात सात रस्त्याला मोठा बोर्ड लागला. रिकाम्या सीटचा फोटो, शेजारी तडवळकर सर हात जोडून, आणि खाली अक्षरं: 'ड्रायव्हर नव्हता, म्हणूनच निर्धास्त बसलो.' सरांनी तोंड उघडलं नाही, कंपनीनंही उघडलं नाही. दोघांनी एकमेकांची चेन बाहेरून लावून टाकली. मी रोज त्या बोर्डाखालून जायची आणि तोंडात कडू पाणी यायचं. आता तर म्हणतात, तशा गाड्या खरोखरच येणार आहेत. येवोत बापड्या, यंत्राशी माझं भांडण नाही. पण कुठल्या गाडीत रिकामी सीट दिसली की मी अजून आधी हात ठेवून बघते, गरम लागते का.

बोर्ड लागला त्याच आठवड्यात मी सिद्रामला घेऊन कलशेट्टींच्या घरी गेले. सानवीची आई शैला ओट्यावर चुलीपुढं बसून कडक भाकरी थापत होती. ती भाकरी विकते. सिद्रामला बघून तिचा हात परातीतच राहिला.

"ह्याला कशाला आणलं अक्का?"

मी सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, वहिनी काय म्हणाल्या, जसंच्या तसं. सांगताना माझं मलाच कळत होतं, हे किती खोटं वाटतंय.

"सीटमध्ये माणूस?" शैला म्हणाली. "अक्का, मी काय खुळी हाय व्हय? सात रस्त्यावर माझ्या डोळ्यांनी बघितली ती गाडी. सीट रिकामी होती. सगळ्या सोलापुरानं बघितलंय. बोर्डावर सरांनी लिहिलंय बी."

सिद्राम म्हणाला, "चल अक्का."

"थांब," मी म्हटलं.

उसवलेलं कव्हर कंपनीनं परत मागितलं नव्हतं. मी घरी जाऊन ते पिशवीत घालून आणलं. सिद्राम बघूनच मागं सरला. "नको अक्का. परत त्यात नको."

"चेन लावत नाही. मागून उघडंच ठेवते. पटकन."

तो ओट्यावर पत्र्याच्या डब्यावर बसला. मी कव्हर चढवलं, पुढून चिमटीत धरलं, डोक्यावर हेडरेस्ट ठेवलं. आणि तिथं माणूस उरला नाही. ओट्यावर गाडीची सीट. दारात सानवी उभी होती, वाकडा हात पोटाशी धरून. ती म्हणाली, "आई, सिद्राममामा कुठं गेला?"

शैला उठली. पिठाच्या हातांनी पदर सावरत सीटभोवती एक फेरी मारली. मांडीवरच्या ठिगळाला बोट लावलं. आत काहीतरी दचकलं. मग ती पुढं आली, खाली वाकली आणि काळ्या जाळीपाशी तोंड नेलं. मला वाटलं, थुंकतेय.

तिनं वास घेतला. एकदा. मग डोळे मिटून पुन्हा, खोलवर.

ह्याला पुरावा म्हणून कुठल्या कोर्टात कोणी विचारणार नाही, मला कळतं.

"घामाचा येतोय," ती म्हणाली. "आणि वाळ्याचा."

तिनं दोन्ही हातांनी हेडरेस्ट उचललं आणि खाली ठेवलं. काळ्या कापडावर तिच्या पिठाची बोटं उमटली.

"बाहेर ये बाबा आता," शैला म्हणाली. "तव्यावरची मऊ हाय तवर खा. गार झाली की मोडत न्हाई कुणाच्या दातानं."